मागच्या दारचा खिमा

माझ्या माहेरी एकादशीला कांदासुद्धा चिरत नसत, आणि मी सून होऊन आले ती रत्नागिरीत, मिरकरवाडा बंदराच्या मासळीच्या वासात. माझं गाव देवरुखच्या पुढे, आत डोंगरात. वडील माळकरी, त्यामुळे माझ्याही गळ्यात लहानपणापासून तुळशीची माळ. मुलगी बघायला मंडळी आली तेव्हा वडिलांनी एकच अट घातली, की मुलगी मांसमच्छी खाणार नाही. सासूबाईंनी पदर सावरत तिथल्या तिथे सांगून टाकलं, "तिनं नको खाऊदे. आमचं तोंड तेवढं बांधू नका." तेवढ्यावर लग्न ठरलं.

मासळी करायला मी शिकले. न शिकून सांगते कुणाला? रोज दारात पाटी यायची. खवले काढताना पहिले काही महिने मी नाकाला पदर लावायची आणि सासूबाई ओट्याला टेकून हसायच्या. "सवय होईल गो, नाकाला पण आणि हाताला पण," म्हणायच्या. झाली. बांगड्याचं आंबट-तिखट तिकलं मी आता डोळे मिटून करते. चव मात्र कधी घेतली नाही. बोटावर घेऊन वास बघायचा आणि बाकी अंदाज. चुकलं तर सासूबाई आहेतच. त्यांच्या जिभेला मीठ कणभर इकडचं तिकडे चालत नाही, आणि कितीही चांगलं झालं तरी दुसऱ्यांदा मागून त्या कधी घेत नाहीत. एका लग्नात पंगतीतून त्यांनी आमटीची वाटी परत पाठवली होती, "शिजवणाऱ्याला म्हणावं, मीठ महाग झालंय काय?" मी पानावर मान खाली घालून बसले होते.

मटण मात्र माझ्याकडे कधी आलंच नाही. ते रविवारी, मागच्या दारी, चिऱ्याच्या चुलीवर, आणि करायचं पुरुषांनी. सासरे होते तोवर सासऱ्यांनी, मग आमच्या ह्यांनी. देव आत आहेत म्हणून मटण बाहेर, एवढंच कारण मला सांगितलं गेलं. खरं कारण मला वाटतं, पुरुषांना आठवड्यातून एकदा तरी चुलीपुढे मिरवायला मिळावं. हे मिरवायचे. मच्छीमारांच्या लाँचची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस, नखांत कायम काळं ग्रीस, पण रविवारी सकाळी कपड्याचा साबण लावून कोपरापर्यंत हात धुवायचे. आणि आमच्याकडे नुसतं मटण फार कमी वेळा. खिमाच. तोही हातानं टेचलेला. खाटकाच्या समोर उभे राहायचे. "मशीनमधनं काढलास तर तुझा तूच खा," असं दर आठवड्याला त्याला सांगायचे, आणि तोही दर आठवड्याला "कळलं ओ" म्हणायचा.

मी फक्त वाटण वाटून द्यायचे. कांदा-खोबरं भाजून, आलं-लसूण वेगळं. ते पायरीवर ठेवायचं आणि आत यायचं. मग बाहेरून वास सुरू व्हायचा, शेजारच्या कंपाउंडातून कुणीतरी विचारायचं, "आज काय, खिमा काय?" आणि हे पळी हलवत "या" म्हणायचे. शेवटी पळीचं टोक तळहातावर टेकवून चाटायचे, जीभ टाळ्याला आपटायचे आणि आत बघून ओरडायचे, "झाला गो, पानं घे." मी भाजी-भाकरी घेऊन त्यांच्याच पंगतीला बसायचे. मला त्याचं काही वाटायचं नाही. ह्यांना वाटायचं. अधूनमधून म्हणायचे, "तुला काय कळणार, तू कशाला मुकलीस ते." मी म्हणायचे, "तुम्ही खा, माझ्या वाटचं पुण्य तुम्हाला."

मग गालाचं दुखणं आलं.

गालाच्या आत बारीकसा फोड, बरा होत नव्हता. तंबाखू. मी सांगून सांगून थकले होते, पुड्या कचऱ्यात टाकल्या होत्या, एकदा तर चुलीत घातल्या होत्या. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला आणि जे यायचं तेच आलं. खरं सांगते, पहिल्यांदा मला रडू आलं नाही, राग आला. इतका राग आला की कोल्हापूरला जाताना आंबा घाटभर मी ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. हे खिडकीतून बाहेर बघत होते आणि मध्येच म्हणाले, "बोल की काहीतरी. शिव्या तरी दे." तेव्हा मात्र मला रडू फुटलं आणि पुढच्या सीटवरच्या बाईने वळून बघितलं.

ऑपरेशन झालं. मग शेक. रेडिएशन म्हणतात, पण तिथे सगळे शेकच म्हणायचे. "तुमचे किती शेक राहिले?" असं एकमेकांना विचारायचे, एसटीची वाट बघताना विचारावं तसं. शेकाने तोंडाची आतून सालटं निघाली, लाळ आटली, आणि चव गेली. ह्यांना पाणीसुद्धा गिळवेना. शेवटी नाकातून नळी घातली. त्या नळीचा ह्यांनी इतका धसका घेतला की ती काढली त्या दिवशी हॉस्पिटलच्या आरशापुढे उभे राहून स्वतःचं नाक चाचपत राहिले. मला म्हणाले, "परत हे नको. परत घालायची वेळ आली तर मला आणूच नको इथं."

घरी आलो तेव्हा ह्यांचे शर्ट खुंटीवर टांगल्यासारखे अंगावर लोंबत होते. रत्नागिरीतले डॉक्टर दर खेपेला वजन घ्यायचे आणि काटा बघून आकडा लिहून ठेवायचे. एकदा त्यांनी स्पष्टच सांगितलं. वजन आता वाढायला लागलं पाहिजे. नाही वाढलं तर पुन्हा नळी, दुसरा इलाज नाही. रिक्षात बसल्यावर हे मला म्हणाले, "ऐकलंस ना? मी नळी घालून घेणार नाही." आणि मी ओळखते ह्यांना. बोलले की बोलले.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. पेज, मऊ भात, अंडं फेटून दुधात, पावडरीचा डबा. सगळं ताटात तसंच. चार घास गिळायचे आणि ताट सरकवायचे. "माती खाल्ल्यासारखी लागते गो. नुसती ओली माती." मी आधी लाडाने सांगायचे, मग हात जोडायचे, मग भांडायचे. एकदा तर मी वाटी आपटली आणि म्हटलं, "माती तर माती, गिळा. तुम्हाला जगायचंय की नाही?" हे माझ्याकडे बघत राहिले. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या माझ्यावर ओरडतील असं वाटलं, पण त्या आत गेल्या आणि देवापुढे बसल्या. त्या रात्री मी ह्यांच्या पाठीला तेल लावत होते, तर हाताला मणके लागत होते. भीती भीती म्हणतात ती काय असते ते मला तेव्हा कळलं, आणि मी मागच्या दारी जाऊन रडले.

आणि मग एका सकाळी, पेज पिता पिता, हे थांबले. जीभ तोंडात फिरवली.

"कळायला लागलंय थोडं," म्हणाले.

"काय कळायला लागलंय?"

"चव. मीठ कळलं पेजेतलं."

मी हातातलं तसंच टाकून आधी देवापुढे निरांजन लावलं. मग शेजारी जाऊन सांगून आले, मग देवरुखला भावाला फोन केला. हे हसत होते. "अगो, गावभर बोंब मारशील काय?" मारणारच होते! त्या दिवशी ह्यांनी पेज संपवली. दुसऱ्या दिवशी मऊ भात संपवला. रोज विचारलं की सांगायचे, आज आंबट कळलं, आज गोड जरासं कळलं. सासूबाईंना मी उत्साहाने सांगायला गेले तर त्या लसूण सोलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "बरं झालं." एवढंच. मला रागच आला त्यांचा. पोटचा मुलगा बरा होतोय आणि आईला त्याचं काहीच कसं वाटत नाही, असं मनात आलं.

त्याच आठवड्यात हे म्हणाले, "रविवारी खिमा करूया काय?"

करूया काय! मी शनिवारपासूनच तयारीला लागले. आता चूल माझ्याकडे आली होती, कारण ह्यांना धुरात उभं राहवत नव्हतं. मिरची तर तोंडाला लावायची सोय नाही. सासूबाईंनी तोड काढली. लाल मसाला नको, धणे-जिरं-बडीशेप भाजून वाट, कांदा-खोबरं वाट आणि शेवटी नारळाचा घट्ट रस घाल, म्हणजे गिळायला ओला राहील. खाटकाकडे मी पहिल्यांदाच गेले. माळ पदरात लपवून उभी राहिले, आणि हातानं टेच म्हणून सांगितलं. त्याने ह्यांची चौकशी केली. म्हटलं, बरे आहेत, खिमा मागितलाय त्यांनी. "मग बरेच आहेत," तो म्हणाला आणि नेहमीपेक्षा जास्त बारीक टेचून दिला. मी पिशवी घेऊन चालत घरी आले. रस्ताभर मला वाटत होतं, आता गाडी रुळावर आली.

मागच्या दारी ह्यांची प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली. खिमा आधी हळद-मीठ-आलं-लसूण चोळून झाकून ठेवायचा, आणि मग वरून मीठ घालायचं नाही, ही ह्यांची पद्धत. "चोळायचं काम माझं," म्हणाले, "तेवढं तरी करू दे." मी परात त्यांच्या मांडीवर दिली. हळद दिली, आलं-लसणाचं वाटण दिलं. तेवढ्यात नारळ फोडायला कोयता सापडेना म्हणून मी आत-बाहेर करत राहिले. परत आले तर हे सगळं चोळून हात धूत होते. बोटं थरथरत होती, पण चेहरा बरा दिसत होता. मी परात झाकली.

चूल पेटवली. कांदा परतला, खिमा घातला. तो आपला आपण पाणी सोडतो, घाई करायची नाही, हे खुर्चीतून सांगत होते. ढवळ, आता झाक, आता लाकूड मागे घे. वाटण घाल. माझ्या डोळ्यांतून धुराने पाणी येत होतं आणि हे म्हणत होते, "बघ, कसं असतं. तुला वाटायचं मी मिरवतो." वास सुटला. इतक्या वर्षांत त्या वासाने मला पहिल्यांदाच बरं वाटलं. शेवटी नारळाचा रस घातला, एक उकळी आली आणि मी पळी ह्यांच्यापुढे धरली. चव घ्यायची ती ह्यांनीच, मी तर घेत नाही. ह्यांनी तळहातावर घेतलं, फुंकर मारली, चाटलं. डोळे मिटले.

"मीठ बरोबर?" मी विचारलं.

"एकदम बरोबर."

पानं घेतली. ह्यांना खिमा आणि मऊ भात, सासूबाईंना भाकरी. ह्यांनी पहिला घास घेतला, हळूहळू चघळला, गिळला. दुसरा घेतला. तिसरा. मी माझी भाजी वाढून घ्यायची विसरून बघत बसले होते. किती दिवसांनी हा माणूस न थांबता जेवत होता. "झकास झालाय," म्हणाले. "पहिल्यांदा केलास असं वाटत नाही."

मला काय झालं मला माहीत नाही. आनंदच झाला असणार, दुसरं काय. हे म्हणाले, "आज तू पण घे घासभर. माझ्या बरोबरीनं. एकदाच." यापूर्वी हजारदा थट्टेत म्हणाले असतील, पण त्या दिवशी थट्टा नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "नको रे, तिची माळ हाय." मी म्हटलं, "असू दे, आई." वडील असते तर काय म्हणाले असते ते मनात आलंही आणि गेलंही. म्हटलं, देवाला दिसतंय सगळं. जो माणूस देवाने परत दिला त्याच्या पानातला एक घास खाल्ला म्हणून देव रागावणार असेल तर रागावू दे. मी त्यांच्या वाटीतून भाताबरोबर घास उचलला आणि तोंडात घातला.

अळणी होता.

कमी मीठ नव्हे. मीठ नव्हतंच. मटणाची चव मला ठाऊक नाही, पण मीठ ठाऊक आहे. आयुष्यभर भात, आमटी, भाजी खाणाऱ्या बाईला मीठ नाही हे कळायला मटण खावं लागत नाही. घास तोंडात घोळत राहिला आणि मला सगळं डोळ्यांपुढे दिसलं. मिठाची बरणी आत ओट्यावरच होती. मी ती बाहेर आणलीच नव्हती. ह्यांना वाटलं असणार, मी परातीत आधीच घातलंय. मला वाटलं ह्यांनी चोळलंय. आणि मग ह्यांनी चव घेतली होती, डोळे मिटून. एकदम बरोबर म्हणाले होते.

म्हणजे पेजेतलं मीठ कळलं नव्हतं. आंबट कळलं नव्हतं, गोड कळलं नव्हतं. हे अजून माती खात होते. मी वाटी आपटली होती म्हणून, मी मागच्या दारी जाऊन रडते ते ह्यांना ऐकू येत होतं म्हणून, हे रोज माती खाऊन मला चवी सांगत होते. तोंडातला घास गिळवेना.

मी सासूबाईंकडे बघितलं. लग्नाच्या पंगतीतून आमटी परत पाठवणारी बाई. त्या भाकरीचा तुकडा खिम्यात बुडवून शांतपणे खात होत्या. मान वर केली नाही. ताटली पुसून घेतली, आणि माझ्यापुढे केली.

"अजून वाढ गो," म्हणाल्या. "बरा झालाय."

मी वाढला. रस्सा ताटलीच्या कडेला सांडला. त्यांनी बोटाने तो निपटून घेतला. तेव्हा मला कळलं की त्यांना आजच नव्हे, आधीपासूनच माहीत होतं. लसूण सोलताना "बरं झालं" म्हणाल्या तेव्हाही माहीत होतं. मुलगा लहानपणापासून खोटं बोलताना कसा दिसतो ते आईला माहीत असतं.

"कसा लागला?" ह्यांनी मला विचारलं. माझ्याकडे बघत होते.

"छान," मी म्हटलं. घास गिळला. "मुकलेच होते मी."

ह्यांनी वाटी संपवली आणि आणखी घेतला. त्या दिवसापासून मी काही विचारलं नाही आणि ह्यांनी काही सांगितलं नाही, फक्त ताटं रिकामी होत गेली. मी वाढायचे, हे खायचे. पुढच्या तपासणीला वजनाचा काटा थोडासा, अगदी थोडासा, वर सरकला होता. डॉक्टरांनी दोनदा बघितला. "चव येते का आता?" त्यांनी विचारलं.

"येते की," हे म्हणाले.

डॉक्टर माझ्याकडे वळले. घरच्या बाईला विचारलेलं बरं, असं त्यांना वाटलं असणार. "काय वहिनी?"

"येते," मी म्हटलं. "खिमा मागून खाल्ला."

डॉक्टर हसले. नळीचं नाव निघालं नाही.

बाहेर रिक्षा मिळाली. मारुती मंदिराच्या चौकात गर्दी होती, रिक्षा अडकली. हे बाहेर बघत होते. मग तसंच बाहेर बघत म्हणाले, "आईने दुसऱ्यांदा मागून घेतला ना, तेव्हाच मी समजलो. काहीतरी चुकलंय."

इतके दिवस दोघीजणी आम्ही ह्यांना सांभाळतोय असं मला वाटत होतं.

"मीठ नव्हतं ना?"

मी मान हलवली. रिक्षा सुटली, गर्दीतून बाहेर पडली. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "ह्या रविवारी आठवणीने घालीन."

"घाल," हे म्हणाले. "आईला लागतं."